अँब्रोज थर्लबीचं एक मत

वेस्टमिन्स्टर, १२ मार्च १९५१

श्री. एम्रिस पॅरी यांस,

तुमचं रजिस्टर पार्सल आज सकाळी आलं. सही मी केली आणि उघडलंही मीच. अँब्रोजला सर्दी झाली आहे, त्यामुळे सध्या त्याचं टपाल मी बघते.

आत द्रुइडाचं, म्हणजे वेल्समधल्या प्राचीन पुरोहिताचं, डोकं असलेलं ते तांब्याचं टोकन निघालं. सोबत एक ओळसुद्धा नाही. लाउथच्या बाजारात अँब्रोजनं ते तुमच्यासाठी शोधलं होतं. त्या दिवशी आम्ही इतकी दुकानं पालथी घातली की माझे पाय सुजले. वेल्समधल्या कुठल्याशा खाणमालकानं दीडशे वर्षांपूर्वी नाण्यांऐवजी मजुरांच्या हातावर टेकवलेलं काळंकुट्ट तांबं एखादा शहाणा माणूस हौसेनं जमवतो, हेच मला तेव्हा नवल वाटलं होतं. ते तुम्ही परत पाठवलंत. ठीक आहे. वस्तू तुमची, मर्जी तुमची.

तुम्ही का रागावलात ते मला कळतं. तरी एकदा सगळं ओळीनं लिहून बघते, म्हणजे गैरसमज कुठं झाला ते तरी समजेल. शुक्रवारी तुमच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगारांच्या विधेयकावर मतदान झालं. दगडाच्या भुकटीनं ज्यांची छाती गेली त्यांना भरपाई मिळावी, असं ते विधेयक. खासगी विधेयक मांडायची संधी सोडतीनं मिळते, त्या सोडतीत ते दुसऱ्याच्या नावावर आलं असलं तरी पाच वर्षांचे कष्ट तुमचे होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी नेस्टाचं ऑपरेशन होतं. तुम्ही बायकोपाशी थांबलात, कारण तुमची आणि अँब्रोजची जोडी ठरली होती. तुम्ही येणार नाही, म्हणून त्यानंही मत द्यायचं नाही. आणि तो गेला, त्यानं विरुद्ध मत दिलं, आणि विधेयक बासष्ट विरुद्ध एकसष्ट असं एका मतानं पडलं.

मला हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून कळलं. त्या दुपारी मी घरी नव्हते, खाटकाकडच्या रांगेत रेशनचं पुस्तक घेऊन उभी होते. तेव्हा तो कसा गेला, का गेला, हे मी काय सांगणार?

अठ्ठावीस वर्षं तो सभागृहात आहे. एवढ्या काळात त्यानं एकदाही शब्द फिरवलेला नाही. तुमच्या पक्षातली माणसंसुद्धा हे सांगतील.

नेस्टा कशी आहे? विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही ठाऊक नाही, पण विचारते.

हेस्टर थर्लबी


वेस्टमिन्स्टर, २० मार्च

श्री. पॅरी,

तुमच्या दोन ओळी मिळाल्या. 'नेस्टा शुद्धीवर आली. तुमच्या नवऱ्याला सांगा, माझ्या गावात सत्तावन्न माणसं बसून झोपतात, कारण आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडतो.'

मी हे त्याला वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही.

बुधवारी तुम्ही सभागृहात नव्हता. मी वर प्रेक्षकांत बसले होते, म्हणून सांगते. तुमच्या पक्षाच्या त्या लालबुंद मानेच्या गृहस्थांनी उठून विचारलं, सन्माननीय सभासदांनी दिलेला शब्द मोडला की नाही? अँब्रोज उभा राहिला. हातात कागद नव्हता. म्हणाला, "मतांच्या यादीत माझं नाव आहे, त्या अर्थी मी मत दिलं. मी शब्द दिला होता असं श्री. पॅरी म्हणतात, आणि श्री. पॅरी खोटं बोलत नाहीत. म्हणजे मी शब्द मोडला. माझ्याजवळ सबब नाही." आणि खाली बसला.

'पॅरी म्हणतात' हे शब्द लोकांना मगरूर वाटले. मागून कुणीतरी ओरडलं, "जा, घरी जाऊन पेन्या मोजत बस!" आणि सगळे हसले. आमच्या बाजूचेही हसले. ज्यांच्या मतदारसंघांत हा माणूस थंडीवाऱ्यात भाषणं द्यायला गेला, ते हसले. कृषी खात्यात तो सात महिने मंत्री होता, तेव्हा ज्यांनी आमच्या घरी जेवणं झोडली, तेही हसले.

घरी आल्यावर त्यानं नाण्यांच्या कपाटाचा खण उघडून एक जुनी पेनी हातात घेतली. मला म्हणाला, "हेस्टर, जुन्या काळी पेनी पाडणाऱ्याला तिच्यावर स्वतःचं नाव घालावं लागे. खोटी निघाली की राजा त्याचा हात तोडायचा. माझं नाव तर सरकारी छापखान्यानं छापलंय." मी म्हटलं, चहा घे.

तुम्ही कामगारांचे पुढारी, तो जमीनदाराचा मुलगा. पंचेचाळीस साली तुम्ही निवडून आलात तेव्हा आमच्या लोकांनी तुमच्याकडे बघायचंही टाळलं. तुम्ही धूम्रपानाच्या खोलीत कोपऱ्यात एकटे बसून भिंगातून एक टोकन बघत होता. अँब्रोज स्वतः उठून तुमच्यापाशी आला आणि विचारलं, "काठावर काय लिहिलंय?" मैत्री कुणी केली, ते आठवा. सहा वर्षांत कितीदा जोडी लावलीत? मोजलंय का? प्रत्येक वेळी तो घरी बसला. तुमच्या बापाच्या अंत्यविधीच्या दिवशी आमच्या पक्षाला एकेक मत हवं होतं. प्रतोदांनी त्याला फोनवर वाटेल ते सुनावलं, तरी तो हलला नाही. ते सगळं एका दुपारीत पुसलं गेलं?

ते मत नसतं तर एकसष्टला एकसष्ट झाली असती, आणि बरोबरी झाली की चर्चा पुढे चालू राहील असंच मत सभापतींना द्यावं लागतं. हे मला माहीत नाही असं समजू नका. मी अठ्ठावीस वर्षं सभासदाची बायको आहे.

राग आला म्हणून जरा जास्तच लिहिलं. पण फाडून टाकत नाही.

हेस्टर थर्लबी


स्कार्नबी, लिंकनशायर, ८ एप्रिल

प्रिय एम्रिस,

आम्ही गावी आलो आहोत. तुमचं उत्तर नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही दिलं नसतं. आता जे लिहिते आहे ते आमच्या डॉक्टरांखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगू नका.

अँब्रोजला सर्दी झालेली नव्हती. त्याची स्मृती चालली आहे.

मला ते नाण्यांवरून कळलं. त्याचं कपाट तुम्ही पाहिलं आहे. चाळीस पातळ खण, प्रत्येक खणात मखमल लावलेले गोल खळगे, एकेका खळग्यात एकेक नाणं, आणि नाण्याखाली त्याच मापाची गोल चिठ्ठी. हे नाणं कुठल्या टांकसाळीचं, कुठल्या शेतात निघालं, त्याच्याआधी कुणाकुणाजवळ होतं, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. तो म्हणायचा, चिठ्ठी हरवली की नाणं पोरकं होतं, मग ते नुसती चांदी. शनिवारी मतदार भेटायला यायचे ते गटारांच्या तक्रारी सांगून झाल्या की खिशातून नांगराच्या फाळाला लागलेली पेनी काढून टेबलावर ठेवायचे. तो आधी गटाराचं पत्र लिहायचा, मग पेनीकडे बघायचा. हा क्रम त्यानं कधी चुकवला नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात संग्रहालयातले एक गृहस्थ लिंकन शहरात पाडलेल्या जुन्या पेन्या बघायला आले. चिठ्ठी वाचायचे, नाणं बघायचे, परत चिठ्ठी वाचायचे. शेवटी हलक्या आवाजात मला म्हणाले, "बाईसाहेब, यांच्या जागा बदलल्यात का कुणी?" एका खणातल्या अठरा चिठ्ठ्या भलत्याच नाण्यांखाली होत्या. मी हसून म्हटलं, मोलकरणीनं पुसताना घोळ घातला असेल. बिचारी त्या कपाटाच्या जवळही फिरकत नाही.

तेव्हापासून सगळं मीच बघायला लागले. त्याची भाषणं मी लिहिते. मतदारांची पत्रं मी लिहिते आणि तो सही करतो. आज कुठं जायचं, कुणाला काय म्हणायचं, हे मी सकाळी त्याला दोनदा सांगते. तो गोंधळलेला दिसला की मी मध्येच बोलून वेळ मारून नेते. कुणाला पत्ता लागू दिला नाही मी. मला त्याचा अभिमानही वाटायचा, काय सांगू.

डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं, जागा सोडा. अँब्रोजनं माझा हात धरला आणि म्हणाला, "निवडणुकीपर्यंत तरी राहू दे, हेस्टर. या सभागृहाबाहेर मी कोण आहे?" मला नाही म्हणवलं नाही.

तेव्हा आता कळलं ना? त्यानं शब्द मोडला नाही. तो विसरला. आजारी माणसावर राग धरू नका.

तो स्वतः हे कुणाला सांगू देणार नाही. मला त्यानं बजावलं आहे, लोकांनी लबाड म्हटलेलं चालेल, खुळा म्हटलेलं चालणार नाही. मी यात काय करावं तुम्हीच सांगा. तोंड उघडलं तर तो मला क्षमा करणार नाही, मिटून बसले तर तुम्ही त्याला करणार नाही.

तुमची,
हेस्टर


स्कार्नबी, ४ मे

प्रिय एम्रिस,

तुमचं पत्र मिळालं. नेस्टा चालू-फिरू लागली हे वाचून बरं वाटलं. तुम्ही लिहिलंत की आजाराचं ऐकून तिनं डोळे पुसले. तिला माझं प्रेम सांगा.

तुम्ही विचारलंत, 'ज्या माणसाला कुठं जायचं हे तुम्हाला दोनदा सांगावं लागतं, तो त्या दुपारी एकटा सभागृहात पोचला कसा?'

मी सांगितलं ना, मी रांगेत होते.

अँब्रोजनं मागच्या मंगळवारी जागा सोडली. आपल्याकडे सभासदाला सरळ राजीनामा देता येत नाही, राजाच्या एका नावापुरत्या जहागिरीचा कारभारी म्हणून नेमून घ्यावं लागतं. ते पत्र आल्यापासून तो मला विचारतो, "जहागीर बघायला कधी जायचं? तिथली गटारं ठीक आहेत का?" मी म्हणते, पुढच्या आठवड्यात.

इथं सगळे विचारपूस करतात, पण फाटकाच्या बाहेरूनच. पाद्रीबाबांची बायको प्लम ब्रेड घेऊन आली ती दारातूनच गेली. निरोपसमारंभ नाही. पक्षाच्या कचेरीतला त्याचा फोटो उतरवला असं ऐकते. पुढच्या उमेदवाराचं नावही ठरलं आहे, तीस-बत्तीसचा कुणी बँकवाला आहे.

आणि त्या मताचं तो विसरला आहे. पूर्ण विसरला. राहिली आहे ती फक्त शरम. सकाळी उठला की पलंगाच्या कडेला बसतो आणि विचारतो, "हेस्टर, मी काहीतरी वाईट केलंय. काय केलं?" मी म्हणते, काही नाही. तो म्हणतो, "मग एम्रिसचं पत्र का येत नाही?"

रोज, एम्रिस. एक दिवस चुकत नाही.

हेस्टर


स्कार्नबी, २७ मे

प्रिय एम्रिस,

तुम्ही परत तोच प्रश्न एका ओळीत लिहून पाठवलात. शाळामास्तर होता तुम्ही, उत्तर मिळेपर्यंत पोराला बाकावर उभं ठेवायची सवय जात नाही.

मी रांगेत नव्हते.

मी घरात होते, त्याच्या शेजारच्या खोलीत. अँब्रोज सकाळपासून कपाटापुढं बसला होता. बऱ्याच दिवसांनी खुशीत होता, तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. चार वाजायच्या सुमारास भिंतीवरची मतदानाची घंटा वाजली. सभागृहाच्या आसपास राहणाऱ्या सभासदांच्या घरांत ती असते, तुम्हाला ठाऊकच आहे. मी आत गेले. तो जागचा हलला नव्हता.

मी म्हटलं, "अँब्रोज, घंटा झाली."

"आज नाही."

"आज नाही म्हणजे काय? ऊठ."

"मला आज जायचं नाही, हेस्टर. एम्रिस..." आणि तो अडला. शब्द सापडेना. "एम्रिस तिकडं आहे. म्हणून मी इथं आहे."

मला ती बडबड वाटली. वर्षभर मी अशी किती बडबड ऐकली होती. सभा असायची त्या दिवशी तो म्हणायचा सभा नाही, आणि नसायची त्या दिवशी टाय बांधून तयार. तो नाही म्हणाला की हो समजायचं, अशी मला सवय लागली होती. आणि खरं सांगते, तुमच्या विधेयकाचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला एवढंच दिसलं की त्या महिन्यात तो पाच वेळा गैरहजर राहिला आहे, आणि लोक विचारायला लागले आहेत.

मी त्याला कोट चढवला. तो म्हणत होता, "नको ग, नको ग, मी सांगितलंय त्याला." मी म्हटलं, "कटकट करू नकोस, वेळ नाही." हाताला धरून चालत सभागृहाच्या फाटकापर्यंत नेलं. तिथं तो थांबला. मला विचारलं, "तुझी खात्री आहे?"

मी म्हटलं, "आहे."

मग त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याचा माझ्यावर विश्वास आहे, एम्रिस. जगात आता त्याला दुसऱ्या कशाचीच खात्री वाटत नाही. तो आत गेला, आपल्या पक्षाच्या ओळखीच्या पाठी दिसल्या, त्यांच्या मागोमाग, विरुद्ध मत देणारे ज्यातून जातात त्या 'नाही'च्या दारातून बाहेर पडला.

त्याला आठवत होतं. त्या एका दिवशी त्याला आठवत होतं, आणि मी त्याचं ऐकलं नाही.

पुढचंही सांगते, म्हणजे काही राहायला नको. दहा दिवसांनी मी कपाटातल्या चिठ्ठ्या नीट लावत होते. लिंकनच्या टांकसाळीची एक पेनी त्याला सगळ्यांत लाडकी, तिच्याखाली दोन चिठ्ठ्या निघाल्या. दुसरी या पत्रासोबत पाठवते आहे. मुंगीएवढं अक्षर आहे, भिंग घ्या. 'शुक्र. ९ मार्च. ए. पॅरीशी जोडी. जायचं नाही.' कॅलेंडरवर लिहिलं नाही, माझ्या वहीत लिहिलं नाही. विसरायला होतं हे त्याला समजत होतं, म्हणून आयुष्यात जिथं एकही कागद हरवला नाही तिथं त्यानं ती ठेवली. सकाळपासून तो त्या खणापुढंच बसला होता.

ही मला १९ मार्चला सापडली. तुम्हाला ते रागाचं पत्र मी वीस तारखेला लिहिलं. म्हणजे मैत्री कुणी केली ते आठवा, असं तुम्हाला सुनावत होते तेव्हा ही चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती.

आता मी ते सगळीकडे कळवायला निघाले आहे. मी तोंड उघडू नये अशी त्याची इच्छा होती, ती मी मोडली. प्रतोदांना पत्र लिहिलं. त्यांच्या चिटणिसानं उत्तर दिलं, प्रकरण मिटलेलं आहे, ते पुन्हा न उकरणं सर्वांच्याच हिताचं. इथल्या वर्तमानपत्राच्या संपादकांकडे गेले. ते फार सभ्यपणे म्हणाले, "बाईसाहेब, प्रत्येक पत्नी हेच म्हणेल." चिठ्ठी दाखवली. म्हणाले, "ही केव्हाही लिहिता येते." मी उठून आले.

अँब्रोजला सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो रडला आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "मग तुझी चूक आहे, माझी नाही? बरं झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेला बसून परत विचारलं, "हेस्टर, मी काय केलं?" मी परत सांगितलं. आजवर वीस वेळा सांगितलं असेल. टिकत नाही. आणि हल्ली तो माझ्याकडे असा बघतो, की मी त्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचून सांगते आहे.

तुम्ही या. मला क्षमा करायला येऊ नका, ती मी मागत नाही. त्याला तोंडानं एकदा सांगा की त्यानं शब्द मोडला नाही. तुम्ही सांगितलंत तर तो मानेल. दुसऱ्या दिवशी विसरेलही. पण एक दिवस तरी.

हेस्टर


स्कार्नबी, १३ जुलै, शुक्रवार

प्रिय एम्रिस,

हे पत्र अँब्रोजनं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. तुमच्या जाण्यानंतर मी होऊन लिहिणार नव्हते.

तुम्ही येऊन गेलात त्याला सहा दिवस झाले. स्टेशनापासून चालत आलात, भाड्याची गाडीही केली नाहीत. माझ्याशी जे बोललात ते परतीच्या गाडीच्या वेळेबद्दल. मी केलेला चहा तसाच राहिला. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. फाटकापाशी मी आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "चोपन्न राहिलेत," आणि टोपी घालून चालू लागलात. मार्चपासून तीन गेले. त्यांची नावं तुम्ही सांगितली नाहीत आणि मला विचारवली नाहीत.

पण आत जे झालं ते मी दारात उभी राहून ऐकलं. तो तुम्हाला बघून म्हणाला, "एम्रिस! कुठं होतास लेका? बस, बस." तुम्ही बसलात. टोपी गुडघ्यावर होती.

"अँब्रोज, तू शब्द मोडला नाहीस."

"अर्थात नाही. मोडला असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणत होतो."

"तू? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? या वयात जपावं लागतं बाबा, हेस्टरला विचार, ती माझ्यावर सारखी नजर ठेवून असते."

तुम्ही हसलात. मग त्यानं विचारलं, "तुझ्या खाणवाल्यांचं विधेयक कधी आहे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घरात आल्यापासून तेवढं एकदाच पाहिलंत. आणि म्हणालात, "शुक्रवारी."

"नेस्टाची तब्येत बरी नाही ना? तू तिच्यापाशी थांब. मी जाणार नाही. शब्द." आणि त्यानं हात पुढं केला, आणि तुम्ही तो हातात घेतलात.

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगाच्या कडेला बसला नाही. सरळ उठून दाढी करायला गेला. मी काय केलं, हे त्या दिवसापासून त्यानं विचारलेलं नाही. मी चाळीस वेळा सांगून जे गेलं नाही, ते तुम्ही एकदा सांगितल्यावर गेलं. मला याचा आनंद व्हायला हवा. होतोही. पण त्याच्या डोक्यात माझं सांगणं राहत नाही आणि तुमचं राहतं, हे मनाला लागतं, आणि ते लागावं असंच मी केलेलं आहे.

माझं नाव गाळून प्रतोदांना तुम्ही पत्र लिहिलंत हे कळलं. त्यांनी तुम्हालाही तेच उत्तर दिलं असणार.

आज लिंकनहून मोठे डॉक्टर मुद्दाम गाडी घेऊन आले होते. दवाखान्यात नेऊन तपासणार होते, ही वेळ मिळायला सहा आठवडे लागले. अँब्रोज सकाळपासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. डॉक्टर म्हणाले, "चला, थर्लबीसाहेब." तो म्हणाला, "आज नाही. आज शुक्रवार. आज एम्रिसशी जोडी आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, हे असं नेहमीचंच ना, अशा अर्थी. मी त्यांना म्हटलं, "त्यानं शब्द दिलाय. तो येणार नाही." डॉक्टर बरेच चिडले. पुन्हा वेळ मिळणार नाही म्हणाले. गाडी गेली.

मग आम्ही दोघं बसलो. दुपारचं जेवण मी तिथंच नेलं. तो बागेतसुद्धा गेला नाही. घड्याळाकडे बघत होता. चार वाजून गेले तेव्हा म्हणाला, "मतदान झालं असेल."

मी म्हटलं, "झालं असेल."

"काय लागला निकाल?"

मी काय सांगणार होते, एम्रिस? ते विधेयक कुठंच नाही. यंदा ते पुन्हा येणार नाही, पुढच्या वर्षी कुणाच्या नावाची सोडत लागेल कोण जाणे, आणि तोवर चोपन्नातले किती उरतील? आणि हा माणूस सात तास एका खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, "पास झालं."

"किती मतांनी?"

"एका मतानं."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "बघ. आणि लोक म्हणतात एका माणसानं घरी बसून काय होतं. एम्रिसला लगेच लिही. त्याला वेल्समध्ये कळायला उशीर होईल."

आता तो समोरच बसला आहे. दोनदा विचारून झालं, लिहिलंस का म्हणून. मी हो म्हटलं तर म्हणतो, वाचून दाखव. वरचं सगळं मी त्याला वाचून दाखवू शकत नाही, म्हणून एवढं शेवटचं लिहून तेवढंच वाचते.

अँब्रोज तुमचं अभिनंदन करतो.

हेस्टर